पिवळ्या टोपणाची नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे आत्याबाई म्हणत. वय चाळिशीच्या जरा पुढे, नात्याने तिथे कुणाचीच आत्या नाही. पण नाव पडलं ते काही उगाच नाही. प्रत्येक घराण्यात एक आत्या असते. लग्नकार्यात ती भिंतीशी खुर्ची ओढून बसते आणि समोरून जाणाऱ्या पोराच्या नुसत्या नाकाकडे बघून सांगते, हा थोरल्याचा धाकटा, ह्याची आजी माझी चुलतबहीण. तिला खोटं पाडायची कुणाची छाती होत नाही. आपली आत्याबाई हेच काम डेंग्यूच्या विषाणूंचं करायची. कुठला विषाणू कुणाच्या पोटचा, कुठून निघाला, वाटेत कुणाकुणाकडे मुक्काम केला, हे ती सांगायची आणि त्याचा तिला पगार मिळायचा.

हे तुम्हाला कळतं कसं, असं पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी विचारायचंच. मग ती शाळेचं उदाहरण द्यायची. विषाणू म्हणजे सुमारे अकरा हजार अक्षरांचा एक धडा. डास चावला की तो माणसाच्या अंगात शिरतो आणि स्वतःच्या नकला करत सुटतो. नकला करण्यात मात्र तो अगदी ढ, मधूनमधून एखादं अक्षर चुकतोच. आता वर्गात एका ढ पोराने दुसऱ्या ढ पोराची वही उतरवली, तर त्याच्या चुका याच्याकडे येतात आणि वर याच्या स्वतःच्या दोन पडतात. तिसऱ्याने याची उतरवली की त्याच्याकडे दोघांच्याही चुका. मास्तरांनी तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कुणी कुणाची उतरवली, हे पोरांना न विचारताही कळतं. आत्याबाई म्हणजे ते मास्तर. मशीन शेकडो आजाऱ्यांच्या रक्तातले धडे अक्षर न अक्षर वाचून द्यायचं, ती चुका जुळवायची आणि पडद्यावर एक झाड उभं राहायचं. बुंध्याशी सगळ्यांची आजी, मग लेकी, मग नाती, आणि शेंड्याला कालपरवा तापाने फणफणलेली माणसं.

"विषाणू खोटं बोलत नाही," नव्याने आलेल्या मुलामुलींना ती ऐटीत सांगायची. "खोटं बोलतात ती माणसं."

हे वाक्य तिचं फार लाडकं. पुढे ते तिच्याच घशात हाडकासारखं अडकलं, त्याची ही गोष्ट.

ती राहायची टायरांच्या यार्डावर. वर म्हणजे अक्षरशः वर. खाली जुने टायर आणून, निवडून, त्यांना नवी रबरी पाठ चढवून विकायचा सासऱ्यांचा धंदा, आणि त्यावर चार खोल्यांचं घर. जिना एकच, तोही यार्डाच्या मधोमध उतरणारा. ट्रकचे टायर, ट्रॅक्टरचे टायर, मोटारींचे टायर, पुरुषभर उंचीच्या उतरंडी. घरातून बाहेर पडायचं तर त्यांच्यामधल्या बोळातूनच जावं लागे आणि साडीला, ओढणीला, पोराच्या दप्तराला काळा डाग लागल्याशिवाय कुणी रस्त्यावर पोचत नसे. डेंग्यूचा अभ्यास करणारी बाई आणि सासर टायरांचं! टायरात पाऊस साचतो, साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. प्रयोगशाळेतल्या मंडळींना हा विनोद पुरून उरला होता. "आत्याबाई माहेराहून कामाला येतात की सासरहून काम घेऊन येतात?" असं कुणीतरी विचारायचं, आणि तीही हसायची.

लग्न झालं त्या वर्षीच तिने घराच्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. सासरे, म्हणजे अप्पा, गावभर सांगत फिरले, "सुनेनं आम्हाला पिंजऱ्यात घातलं बरं का." पण जाळ्या त्यांनीच स्वतःच्या हाताने ठोकल्या. अप्पा तसे होते. लग्नानंतर सुनेचं शिक्षण थांबलं तेव्हा नातेवाइकांच्या देखत ते म्हणाले होते, "यार्डात बसवून काय टायरांना हवा भरायला लावू तिला? जाऊ दे, शिकू दे." ते तसं म्हणाले नसते तर आत्याबाई आज आत्याबाई नसती. ही गोष्ट ती कधी विसरली नाही, आणि हाच तिचा खरा पिंजरा होता.

आणखी एक गोष्ट त्या घरात कुणी विसरलं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी गावात तापाची साथ आली, आरोग्य खात्याची माणसं आली आणि यार्डाच्या फाटकाला कुलूप लावून गेली. कुलूप पावसाळाभर राहिलं. त्याच दिवसांत सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्या गेल्या त्यांच्या हृदयाच्या दुखण्याने. पण अप्पांच्या मनात कुलूप आणि बायकोचं जाणं यांची गाठ बसली ती बसलीच. फाटकावर पुन्हा कुलूप दिसलं तर मी त्याच्यासमोरच डोळे मिटीन, असं ते म्हणायचे. म्हातारी माणसं असं पुष्कळ बोलतात. पण अप्पा बोलले तसं वागणाऱ्यांपैकी होते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी अप्पा बंदराच्या गावी टायर आणायला गेले आणि परत आले ते डोळे लाल, अंग तापलेलं, हाडं फुटल्यासारखी दुखतायत म्हणून कण्हत. आत्याबाईला बघताक्षणी शंका आली.

"दवाखान्यात जाऊ या, अप्पा."

"दवाखान्यात नाव लागलं की दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. नको. पडसं आहे ते."

"पडशाने डोळ्यांच्या मागे दुखत नाही."

"मग मागचं दुखू दे, पुढचं बरं आहे ना?" अप्पा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

नवऱ्याने खांदे उडवले. बापाच्या शब्दापुढे त्याचा शब्द कधी फुटलाच नव्हता. तेव्हा आत्याबाईने स्वतःच अप्पांच्या हाताला पट्टा बांधला आणि रक्त काढलं. पिशवीत जी नळी हाताला लागली ती घेतली. तिचं टोपण पिवळं होतं.

इथे प्रयोगशाळेची एक रीत सांगायला हवी. गावाचे भाग पाडलेले होते आणि प्रत्येक भागाला टोपणाचा एक रंग. बाजारपेठ लाल, शाळेकडचा भाग हिरवा, स्टेशनकडचा निळा. यार्डाच्या मागच्या भिंतीपलीकडे पुलाचं काम चालू होतं, तिथल्या मजुरांची पत्र्यांची वस्ती होती, ती पिवळी. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या की बर्फात त्या सुटतात आणि मग कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जातं याचा घोळ होतो. म्हणून हा रंगांचा बेत खुद्द आत्याबाईनेच काढला होता. पिवळ्या घोडीत, म्हणजे नळ्या उभ्या ठेवायच्या भोकाभोकांच्या चौकटीत, जे ठेवलं ते वस्तीचं, बात संपली. त्या दिवशी सकाळी ती वस्तीतच रक्त गोळा करून आली होती, म्हणून पिशवीत पिवळी टोपणं.

वस्तीत रक्त देणं सोपं नव्हतं. सुई बघून धट्टेकट्टे गडी पत्र्याआड लपायचे. त्यांना ओढून आणायची ती गवंडीण. विटांवर विटा चढवणारी, आवाज असा की खालून हाक मारली तर पुलावरचा माणूस दचकावा. "ए, वाघ, ये इकडे! सिमेंटची पोती उचलतोस आणि सुईला भितोस?" म्हणत ती एकेकाला स्टुलावर बसवायची. पहिला हात नेहमी तिचा स्वतःचा. "घ्या बाई," ती म्हणायची, "आमच्याकडे द्यायला हेच आहे. ह्यातनं काही भलं निघालं तर आमच्या पोरांचं निघू दे." तिची एक लहान मुलगी होती, कडेवर बसायचं वय कधीच सरलेलं, तरी कडेवरच. तिला दोन वर्षांपूर्वी धरणाच्या कामावर डेंग्यू होऊन गेला होता. तो वेगळ्या जातीचा. आत्याबाईने गवंडिणीला बजावून ठेवलं होतं, की हिला जप. ह्या दुखण्याची दुसरी जात दुसऱ्यांदा चावली तर ती पहिल्यापेक्षा वाईट. गवंडीण तेव्हापासून पोरीला भर दुपारीही मच्छरदाणीत झोपवायची आणि बाया हसायच्या.

तर अप्पांची नळी. आत्याबाईने ती पिवळ्या घोडीच्या शेवटच्या भोकात ठेवली. नुसतं डेंग्यू आहे की नाही एवढं बघायचं आणि नळी काढून घ्यायची, असा तिचा विचार. डेंग्यू निघाला. त्याच रात्री अप्पांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि मग तिला कसली प्रयोगशाळा आणि कसली नळी! ती घरीच अप्पांच्या उशाशी बसली, घोटाघोटाने पाणी पाजत राहिली. म्हातारा चिवट, उठला. ती कामावर परत गेली तेव्हा तिच्या हाताखालच्या मुलीने अख्खी पिवळी घोडी अक्षरं वाचायला मशीनवर चढवली होती. शेवटच्या भोकासकट.

"ती शेवटची माझी होती," एवढं म्हणायला काय लागतं? चार शब्द. पण चार शब्दांमागून चारशे प्रश्न येणार होते. तिने मनाशी म्हटलं, उद्या सांगू. माणसाच्या आयुष्याची जेवढी म्हणून नासाडी होते त्यातली बरीचशी ह्या एका 'उद्या'ने केलेली असते.

पुढच्या आठवड्यांत साथ भडकली. आधी वस्तीत, मग शाळेकडे, मग बाजारात. दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन माणसं. खात्याचे लोक यार्डातही येऊन गेले. नवऱ्याने पुढच्या रांगा चकाचक करून ताडपत्रीखाली झाकल्या होत्या, मागे जायला कुणाला सवड नव्हती. आरोग्य खात्याने प्रयोगशाळेला विचारलं, हे आलं कुठून, तेवढं सांगा. आणि आत्याबाई झाड मांडायला बसली.

झाड इतकं सुरेख निघालं की दुसऱ्या कुठल्या वर्षी तिने ते भिंतीवर लावलं असतं. शाळेकडच्या नाती, बाजारातल्या पणत्या, सगळ्यांच्या चुका एकीकडून दुसरीकडे ओळीने उतरलेल्या. आणि बुंध्याशी, सगळ्यांच्या खाली, जिच्यात एकही चूक जास्तीची नाही अशी एकुलती एक आजी. पिवळ्या घोडीचं शेवटचं भोक. जुने साठवलेले धडे लावून पाहिले तर त्या आजीची सख्खी बहीण सापडली बंदराच्या गावात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. आत्याबाईला हसू आलं नाही. अप्पा बंदराहून हे घेऊन आले, यार्डातल्या डासांनी ते त्यांच्या अंगातून उचललं, भिंतीपलीकडे नेलं आणि तिथून ते गावभर झालं. आणि झाड सांगत होतं, सुरुवात पिवळी. सुरुवात वस्तीत. तिने ती नळी झाडातून गुपचूप वगळून बघितली, पण मॅडम पाठीमागेच उभ्या होत्या.

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, कडक पण नेक बाई. "अहो, ही तर वस्ती," त्या म्हणाल्या. "वाटलंच होतं मला. कुणीतरी बंदराकडून आलेलं असणार तिथं."

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. उठून दार लावून आला.

"हे अप्पांना कळता कामा नये."

"आणि वस्तीचं काय?"

"वस्तीचं काय व्हायचंय? औषध फवारतील. लोक आज इथे, उद्या तिथे, त्यांचं काम संपतच आलंय." त्याने आवाज आणखी खाली आणला. "अप्पांना ते कुलूप दुसऱ्यांदा झेपायचं नाही. तुला माहीत आहे. तुझी नोकरीही जाईल. रक्त चोरून तपासलंस म्हणतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?"

बाहेरच्या खोलीत अप्पा नातवाला कुठलीतरी जुनी गंमत सांगून हसवत होते. जाळीच्या खिडकीपाशी ती उभी राहिली. खाली टायरच टायर, आणि प्रत्येकाच्या पोटात थोडं पाणी.

प्रयोगशाळेत डास पाळायची एक खोली होती. तिला दोन दारं, आणि दोन दारांच्या मध्ये माणूस जेमतेम वळेल एवढी जागा. पहिलं दार घट्ट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधल्या जागेत मोठा आरसा. त्यात पुढून मागून बघायचं, अंगावर डास तर बसून आला नाही ना, आणि मगच पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई आणि मॅडम तिथे एकत्र अडकल्या. मागचं दार लागलं होतं, पुढचं अजून उघडायचं होतं.

"आत्याबाई, ती शेवटची पिवळी नळी," मॅडम आरशात आपली पाठ बघत म्हणाल्या. "वस्तीतलीच ना? तुम्हीच गोळा केलीत, म्हणून एकदा तुमच्या तोंडून ऐकते. आज खात्याला कळवायचं आहे."

आरशात आत्याबाईला स्वतःचा चेहरा दिसत होता. त्यावर काहीच बसलेलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

पुढचं दार उघडलं.

त्या 'हो'नंतर तिला सुखाचा घास लागला नाही. पहाटे उठून ती मागच्या रांगांत शिरायची आणि मग्याने टायरांतलं पाणी उपसायची. यार्डातला मिस्त्री म्हणायचा, "वहिनी, समुद्र कधी आटवायला घेताय?" उपसलेले टायर दोन सरींत पुन्हा भरायचे. दिवसभर प्रयोगशाळेत नव्या नळ्या यायच्या, नव्या फांद्या फुटायच्या, आणि प्रत्येक फांदी खाली खाली जात अप्पांपाशी येऊन थांबायची. इकडे आड आणि तिकडे विहीर, असं म्हणतात. पण आडाला आणि विहिरीला निदान दोन काठ असतात. तिला पाय ठेवायला जागाच उरली नव्हती. घरात अप्पा विचारायचे, "काय गं, वाळत चाललीस?" आणि प्रेमाने विचारायचे, हेच सहन व्हायचं नाही.

फवारणीवर भागेल असं नवरा म्हणाला होता. खात्याने ठरवलं, वस्तीच हलवायची. पुलाच्या ठेकेदाराला आयतंच फावलं. काम संपलेलं, आता माणसं कशाला हवीत? नोटीस लागली त्या दिवशी गवंडीण आत्याबाईला रस्त्यात भेटली. भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही, आणि आवाजही नेहमीचा नव्हता.

"बाई, तुमच्या मशीनने सांगितलं म्हणे, ताप आमच्यातनं निघाला."

आत्याबाईने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मशीन चुकत नसेल. आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय. पण बंदराला आमच्यातलं कुणी गेलंच नाही हो. मी एकेकाला विचारलं. तुम्ही एकदा परत बघाल का?"

"बघते," आत्याबाई म्हणाली.

ह्या एका शब्दावर गवंडिणीचा चेहरा उजळला. तिने हात जोडले. आत्याबाईला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमीन असल्या कामाला कधी येत नाही. ती सरळ मॅडमच्या खोलीपर्यंत गेली. दाराला हातही लावला. आत मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "शंकाच नको, आमच्या आत्याबाईंनी स्वतः खात्री केलीय." तिने हात मागे घेतला.

वस्ती पाडली ती भर दुपारी. भिंतीपलीकडे पत्रे कोसळत होते आणि इकडे खिडक्यांच्या जाळ्या थरथरत होत्या. रजा टाकून ती घरात बसली होती, कानावर उशी दाबून. मग आवाज थांबले. बराच वेळ शांत. आणि मग यार्डाचं मागचं फाटक करकरलं. ते फाटक कधी उघडत नसत.

ती खिडकीशी धावली. फाटक अप्पांनी उघडलं होतं. काठी टेकत ते बाजूला उभे, आणि आत येत होती माणसं. डोक्यावर बोचकी, हातात डेचक्या, खांद्यावर गुंडाळलेल्या गोधड्या. पाच-सहा कुटुंबं. सगळ्यांत पुढे गवंडीण.

"या, या," अप्पा म्हणत होते. "मागची शेड मोकळीच आहे. चार दिवस राहा, तोवर कुठेतरी सोय लागेल. माणसाने माणसाच्या उपयोगी पडायचं नाही तर काय टायरांनी पडायचं?" आणि मान वर करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई! चहा टाक गं, मोठं पातेलं घे."

गेल्या कित्येक दिवसांत म्हातारा एवढा खुशीत दिसला नव्हता. चेहऱ्यावर पुण्य केल्याचं तेज. तो मुळीच वाईट माणूस नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तो वाईट असता तर सगळं सोपं होतं.

आत्याबाईचं लक्ष अप्पांकडे नव्हतं. गवंडिणीने बोचकं खाली ठेवलं होतं आणि मुलीला कडेवरून उतरवलं होतं. मुलगी ट्रॅक्टरच्या एका आडव्या टायरात जाऊन बसली, पाळण्यात बसावं तशी. शेजारच्या टायरातल्या पाण्यात तिने हात घातला आणि पाणी उडवलं. पाण्यावरून काळेपांढरे, पट्टेपट्टे असलेले डास उठले. आत्याबाई एवढ्या उंचावरून ते पाहू शकत नव्हती. तरी तिने ते पाहिले.

ती जिना उतरायला लागली तर मधल्या पायरीवर नवरा. त्याने तिचं तोंड बघितलं आणि दोन्ही हात कठड्यांवर ठेवले.

"नको," तो म्हणाला. "आता नको. आता झालं ते झालं. चार दिवसांत जातील."

"त्या पोरीला दुसऱ्यांदा होईल."

"आपण मच्छरदाणी देऊ."

"बाजूला हो."

तो हलला नाही. मग तिने त्याचा हात उचलून बाजूला केला. हात हलका होता, तिला वाटलं होतं त्याहून फारच हलका. ती बोळातून धावत गेली, मुलीला टायरातून उचललं आणि छातीशी धरलं. मुलगी घाबरून रडायला लागली. गवंडीण पुढे आली.

"काय झालं बाई?"

"इथे राहू नका," आत्याबाई म्हणाली. "कुठेही जा, पण इथे नको. ताप इथून निघालाय. तुमच्याकडून नाही. ह्या यार्डातून तुमच्याकडे आला."

सगळे जागच्या जागी थांबले. अप्पा हसले, सुनेला बरं नाही असं समजून.

"काय बोलतेस पोरी? तुमच्या तपासणीत वस्तीचं रक्त निघालं ना? पहिलं?"

"ते रक्त वस्तीचं नव्हतं, अप्पा."

"मग कुणाचं?"

तिला वाटलं होतं, हे सांगताना तिचा आवाज फुटणार नाही. तो नीट फुटला.

"तुमचं."

अप्पांना समजायला वेळ लागला. आधी त्यांनी स्वतःच्या दंडाकडे पाहिलं, जिथे तिने पट्टा बांधला होता. मग भिंतीकडे, जिच्यापलीकडे आता काहीच उरलेलं नव्हतं. मग ते हळूच मागे सरकून एका टायरावर बसले. जिन्यात नवरा तसाच उभा होता.

गवंडिणीने हात पुढे करून मुलीला घेतलं. ओढलं नाही, नुसतं घेतलं.

"तुम्हाला हे आज कळलं?" तिने विचारलं.

"नाही."

"मी रस्त्यात भेटले तेव्हा माहीत होतं?"

"हो."

आत्याबाईला वाटलं, आता ती तो पुलावर पोचणारा आवाज काढेल. शिव्या देईल, मारेलसुद्धा. मारलं तर बरं. पण गवंडीण खाली वाकली आणि नुकतंच सोडलेलं बोचकं पुन्हा बांधायला लागली. गाठ मारता मारता म्हणाली, "आम्ही तर खरं रक्त दिलं होतं, बाई."

बाकीचेही बोचकी उचलायला लागले. चहाचं पातेलं वर रिकामंच होतं.

"फोन लाव," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता.

"अप्पा..."

"तुझ्या मॅडमना लाव. माझ्यासमोर लाव. कुलूप यायचं तर येऊ दे, पण खापर ह्यांच्या डोक्यावर नको."

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, आणि मग मॅडमचा आवाज आला, नेहमीचा, घाईतला. "हां, बोला आत्याबाई. पाडलं ना एकदाचं?"

"मॅडम, ती शेवटची नळी वस्तीची नव्हती," आत्याबाई म्हणाली.

फाटकाबाहेर गवंडीण मुलीला कडेवर घेऊन उभी होती. एकदा ती पुलाच्या बाजूला वळली, मग बाजाराच्या, आणि मग पुन्हा थांबली.